निनावी अर्जाला उत्तर

औंढ्याचे रखमाजी केदारी, म्हणजे गावाचे आबा, तालुक्याच्या एका कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. येणाऱ्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा, जाणाऱ्याला जावक. मधल्या काळात कागदाचं काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काही होत नाही.

म्हणूनच मुलानं आणि सुनेनं मूल दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा आबांनी चकार शब्दानं विरोध केला नाही. प्रदीप आणि समीक्षाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, एकदा दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेलेही. मग दोघांनी संगणकावर नाव नोंदवलं. घर बघायला दत्तक देणाऱ्या संस्थेच्या ज्योत्स्ना मॅडम आल्या, तर आबांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. तुमची काही हरकत नाही ना, असं मॅडमनी विचारल्यावर, ‘मुलांच्या सुखातच आमचं सुख’ असं एका दमात म्हणाले. वाक्य चांगलं होतं. याआधी दोन सेवानिवृत्ती समारंभांत वापरून झालेलं होतं.

बायको नंदाबाई थक्क झाली. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं पंख्याची दिशा बदलायलासुद्धा हरकत घेतली होती. पण आबांचा हिशोब साधा होता. सरकारी काम आहे, फाईल पाच-सात वर्षं सहज फिरेल. तोवर पोरांचा उत्साह तरी मावळेल, नाहीतर आपण तरी. दोन्हीतलं काहीही झालं तरी प्रश्न आपोआप निकाली निघत होता.

संगणक रजेवर जात नाही, ही गोष्ट त्यांच्या हिशोबात धरलेली नव्हती.

अडीच-पावणेतीन वर्षांनी, ऐन थंडीत, प्रदीपच्या मोबाइलवर निरोप आला आणि त्यासोबत एक फोटो. तीन वर्षांची मुलगी, नाव मानसी. पिवळा फ्रॉक, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, आणि फोटो काढणाऱ्यावर अजिबात विश्वास नसल्याचा चेहरा. समीक्षा लोणावळ्याच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या कामाला होती. ती दुपारीच घरी आली आणि फोटो दाखवायच्या आधीच रडली. नंदाबाईनं मोबाइलची काच पदरानं पुसली. ती स्वच्छच होती. आबांनी फोन हातभर लांब धरून पाहिला, ‘बरी हाय’ म्हणाले आणि वावरात निघून गेले.

वावरात त्यांना मुलगी दिसेना. दिसला तो हनुमंता. हनुमंत हा चुलतभाऊ, भावकीतला, चार घरं सोडून राहणारा. मारुतीच्या पारावर बसून हनुमंता विचारतोय, ‘दादा, ही कुनाची?’ आणि आपल्याला उत्तर येत नाही, असं चित्र आबांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. अजून कोणी काही विचारलं नव्हतं. हनुमंताला फोटोचा पत्ताही नव्हता. पण उत्तर न आल्याची लाज आबांना आधीच वाटू लागली.

आता हे सांगायला हवं, की गावातले सगळे अर्ज आबाच लिहीत. विजेचा खांब, रेशनकार्ड, भाताची नुकसानभरपाई, शेजाऱ्याचं कोंबडं. विषय कोणताही असो, ‘वरील विषयास अनुसरून’ म्हणून आबा असा अर्ज लिहीत की वाचणारा साहेब उठून बसे. घरी त्यांचं स्वतःचं जावक रजिस्टर होतं. गावात कोणी कोपऱ्यात त्यांचा क्रमांक घातल्याशिवाय कागद पुढं पाठवत नसे.

अशा माणसानं त्या आठवड्यात आयुष्यातला पहिला निनावी अर्ज लिहिला. संस्थेच्या नावे, चार मुद्द्यांचा. घराची मागील पडवी पावसाळ्यात गळते. पती-पत्नी दोघेही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतात. तिसरा मुद्दा आपण नंतर पाहू. चौथा मुद्दा आबांनी खास चतुराईनं घातला होता. आपल्यावर कोणाचा संशय जाऊ नये म्हणून त्यांनी लिहिलं, की सदर घरातील ज्येष्ठ इसम हा हेकट, तापट व जुन्या वळणाचा आहे. स्वतःविषयी इतकं परखड लिहिताना त्यांना थोडा अभिमानही वाटला. खाली ‘एक हितचिंतक’. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून एसटीनं कामशेतला जाऊन एका टायपिंगच्या दुकानात कागद टाइप करून घेतला, तळेगावला जाऊन पेटीत टाकला, आणि घरी येऊन सांगितलं की दातांच्या डॉक्टरकडं गर्दी होती.

आठ दिवसांनी ज्योत्स्ना मॅडम दारात उभ्या.

चहा झाला. मग मॅडमनी पिशवीतून कागदाची झेरॉक्स काढली. अशी पत्रं अधूनमधून येतात, म्हणाल्या, गावात कुणाला ना कुणाला पोटशूळ असतोच. पण आलेला कागद फाडून टाकता येत नाही. चौकशी करायची, घरच्यांचं म्हणणं घ्यायचं आणि अहवालात लिहायचं. अहवाल सोमवारी द्यायचा होता. मुद्द्यांत तथ्य दिसलं तर मानसीसाठी दुसरं कुटुंब बघायचं का, हा विचार होणार होता. हे त्यांनी अगदी सरळ, आवाज न चढवता सांगितलं. समीक्षानं हातातला कप खाली ठेवला.

प्रदीपनं कागद मोठ्यानं वाचायला घेतला. पडवी झाली, नोकरी झाली. तिसऱ्या मुद्द्यावर तो अडखळला आणि थांबला. समीक्षानं त्याच्या हातातून कागद घेतला, आणि दवाखान्यात रिपोर्ट वाचून दाखवतात तशा आवाजात पुढचं वाचलं.

“सदर महिलेचा सहा वर्षांपूर्वी गर्भपात झाला असून त्यानंतर दोन महिने ती कोणाशी बोलत नव्हती व नीट जेवत नव्हती. तरी तिच्या मानसिक स्थितीची सखोल चौकशी व्हावी.”

तिनं ‘सखोल’ शब्दावर जोर दिला नाही. आबांना मात्र तो शब्द घालताना किती बरोबर वाटला होता ते आठवलं. लिहिताना ती एक चांगली ओळ होती. आता ती घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकू आली, आणि आपल्याच घरात कोणी परक्यानं चपला घालून फिरावं तसं त्यांना झालं.

चौथा मुद्दा वाचून झाल्यावर नंदाबाई म्हणाली, “ह्ये मातुर खरं लिवलंय.”

कोणी हसलं नाही.

“हे हनुमंतकाकाचं काम,” प्रदीप म्हणाला. “मागच्या बांधावरनं भांडण झालं तेव्हापासून डाव धरून आहे.”

“त्यांना हे माहीत नव्हतं, प्रदीप. त्यांना कावीळ माहीत आहे,” समीक्षा म्हणाली.

तेही खरं होतं. त्या वेळी गावात सुनेला कावीळ झाली म्हणून सांगितलं होतं. कल्पना आबांचीच.

“गावात काय झाकून राहतं का,” प्रदीप म्हणाला. मग त्यानं बापाकडं वळून, अतिशय विश्वासानं सांगितलं, “आबा, ह्याला उत्तर तुम्हीच लिहा. तालुक्यात तुमच्यासारखं कोण लिहितंय? मुद्देनिहाय फाडा त्याला.”

आबांनी कागद हातात घेतला. आणि तेव्हा त्यांनी डावीकडचा वरचा कोपरा पाहिला. तिथं स्वच्छ टाइपात लिहिलेलं होतं : जा.क्र. २१४.

एकतीस वर्षांची सवय. कच्चा मसुदा लिहायला बसल्यावर हातानं आधी रजिस्टर पाहिलं होतं, पुढचा क्रमांक घेतला होता आणि कोपऱ्यात घातला होता. मन तिकडं ‘हितचिंतक’ शब्द शोधत होतं. कामशेतच्या टायपिंगवाल्यानं समोर होतं ते जसंच्या तसं उतरवलं. त्याचा काय दोष? निनावी अर्ज जावक क्रमांकासह पाठवणारं गिऱ्हाईक त्याच्याही दुकानात पहिलंच असणार.

आबांनी अंगठा कोपऱ्यावर ठेवला आणि म्हणाले, उत्तरासाठी हा कागद माझ्यापाशी असू द्या. ज्योत्स्ना मॅडमनी हो म्हटलं. जाताना त्या म्हणाल्या, की शनिवारी लोणावळ्यात दत्तक मुलांच्या आजी-आजोबांची बैठक आहे, एका शाळेच्या हॉलमध्ये. आबांनी यावं. उत्तरही तिथंच द्यावं.

दुसऱ्या दिवसापासून प्रदीपनं हनुमंताशी बोलणं टाकलं. रोज सकाळी तो तळेगावच्या कारखान्यात जाताना हनुमंताला मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडायचा, ते बंद झालं. हनुमंता संध्याकाळी आबांकडं आला. ओट्यावर न बसता उभ्यानंच म्हणाला, “दादा, पोरगं माज्याकडं बघंना झालंय. म्या काय केलं?”

“दमतोय. कामाचा लोड हाय,” आबा म्हणाले.

हनुमंता व्हय व्हय करत गेला. चार घरं पलीकडं जाईपर्यंत त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं. आबांनी दोन्ही वेळा वर आढ्याकडं पाहिलं.

उत्तर लिहायला बसले तेव्हा पहिले दोन मुद्दे झरझर उतरले. पडवीचे पत्रे दिवाळीपूर्वीच बदलले आहेत. पती-पत्नी नोकरीस असले तरी आजी घरी असून समीक्षानं वर्षभराची रजा मागितली आहे. चौथ्या मुद्द्याला त्यांनी लिहिलं, ‘सदर आरोप अंशतः मान्य’, मग ‘अंशतः’ खोडलं. तिसऱ्यापाशी मात्र पेन थांबलं. स्वतःच्या अर्जाला उत्तर द्यायचं म्हणजे तसं सोपं असायला हवं. कुठं पोकळ आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं. पण हा मुद्दा पोकळ नव्हता. ती बोलत नव्हती. ती जेवत नव्हती. सगळं खरं होतं, आणि तरी सगळं खोटं होतं. असल्या गोष्टीला कचेरीच्या भाषेत काय म्हणतात हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी त्यांनी नंदाबाईला विचारलं, की अगं, त्या दोन महिन्यांत घरात आनखी काय काय झालं?

नंदाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“तुमच्या डोळ्याचं आपरेशन झाल्यालं. इसरला? थेंब कोन घालायचं? माजा हात थरथरतो. तीच घालायची, दिसातनं सा येळा. कुनाशी बोलत न्हवती पन तुमाला ‘वर बघा आबा’ म्हनायची. माज्या ध्यानात हाय, दिसभरात तेवडंच बोलायची ती.”

आबांनाही ध्यानात होतं. पापणी वर उचलणारी दोन बोटं. थेंब आत पडल्यावर बाहेर ओघळलेलं ती कापसानं टिपायची. तिचे स्वतःचे डोळे त्या दिवसांत सुजलेले असत, आणि ते त्यांना दुसऱ्या डोळ्यानं दिसत असे. अर्ज लिहिताना ह्यातलं काही आठवलं नाही असं म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. महिने किती ते मोजताना त्यांनी ऑपरेशनच्या तारखेवरूनच मोजले होते.

ते उठले, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

शनिवारी समीक्षा त्यांना स्कूटरवरून लोणावळ्याला घेऊन निघाली. बाजाराच्या अलीकडंच गाड्यांची रांग लागली होती. मुंबई-पुण्याची माणसं थंड हवा खायला आली होती आणि एकमेकांच्या गाड्यांचा धूर खात होती. स्कूटर थांबली. समीक्षानं इंजिन बंद केलं. आबांना पुढं फक्त तिचं हेल्मेट दिसत होतं.

“उत्तर झालं लिहून?” तिनं विचारलं.

“झालं. तिसरा मुद्दा तेवडा ऱ्हायलाय.”

“जावक नंबर टाकला?”

आबांचा हात खिशातल्या कागदावर गेला.

“मागचा दोनशे चौदा होता,” समीक्षा म्हणाली. “म्हणजे आता दोनशे पंधरा येईल.”

पुढच्या गाड्या चार हात सरकल्या. तिनं स्कूटर सुरू केली नाही. मागून कोणीतरी हॉर्न दिला.

“कवापासनं ठावं हाय तुला?”

“कागद हातात आला तेव्हापासून. पण नंबर नसता तरी कळलं असतं, आबा. ते फक्त आपल्या चौघांना माहीत होतं. मी लिहिलं नाही. प्रदीपनं लिहिलं नाही. आईंना लिहिता येत नाही.”

आबांना बोलायचं होतं. कचेरीत दिलगिरी व्यक्त करण्यात येते. ती कोण करतो, कुणाजवळ करतो, हे कागदावर कधी नसतं. ती सोय इथं नव्हती. इथं एक स्कूटर होती आणि तिच्यावर दोनच माणसं.

“मी प्रदीपला सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “सांगणारही नाही. ते तुमचं तुम्ही बघा. मला फक्त एवढंच वाटतं, की तो फोटोतला मोजा आहे ना, एका पायातला, तो दुसऱ्या पायात कधी जाणार, ते आता तुमच्या उत्तरावर आहे.”

मागून पुन्हा हॉर्न वाजला, आणि तिनं इंजिन सुरू केलं.

हॉलमध्ये शाळेची छोटी बाकं गोल मांडलेली होती. आठ-दहा म्हातारी माणसं त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. आबांना वाटलं होतं भाषण असेल, हार असेल, निदान फलक तरी. चहा आणि खारी बिस्किटं होती. ज्योत्स्ना मॅडमनी थोडक्यात सांगितलं, की मूल घरी आल्यावर संस्था अंग काढून घेत नाही. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेट असते, अडलं तर समुपदेशक आहेत, कधीही फोन करता येतो, आणि ही बैठक तर आहेच. इथं उपदेश होत नाही. ज्याला बोलायचं तो बोलतो.

कामशेतच्या यशोधराबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, नीट इस्त्रीचं पांढरं पातळ, चष्म्याला दोरी. त्या म्हणाल्या, नातू घरी आला तेव्हा मी आठ महिने आल्या-गेल्याला ‘भाचीचा मुलगा, पाहुणा आलाय’ असं सांगत होते. माझ्या मुलाला माहीत नव्हतं. मग एक दिवस दूधवाल्यानं पोराला नाव विचारलं, तर पोरगा म्हणाला, मी पाहुणा आहे. चार वर्षांचा. मी दारामागं होते.

एवढं सांगून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं. त्या ते चमच्यानं काढत बसल्या.

मग सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. समीक्षा मागं दाराशी उभी होती. सभेत बोलायचं म्हणजे उभं राहायचं, म्हणून आबा उभे राहिले, खाकरले आणि ‘सदर’ म्हणाले. पुढचं सुचेना.

“त्यो अर्ज म्या लिवला,” ते म्हणाले.

“कंचा अर्ज?” एका आजोबांनी विचारलं.

कबुलीजबाबात हीच अडचण असते. समोरच्याला आधीचं काही माहीत नसतं. आबांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं : हनुमंता, कामशेत, तळेगाव, दातांचा डॉक्टर. जावक क्रमांकापाशी ते विचारणारे आजोबा हसले आणि लगेच ओशाळून थांबले. तिसरा मुद्दा आबांच्या तोंडून निघेना. त्यांनी दाराकडं पाहिलं, की सून सांगेल. तिनं सांगितलं नाही. ती तिथून हललीही नाही. तेव्हा तोही त्यांनाच सांगावा लागला, शब्दाला शब्द, ‘सखोल’सकट. मग थेंबांचं सांगितलं. मग सांगण्यासारखं काही राहिलं नाही आणि ते बसले. बाक फार खाली होतं.

बैठक संपल्यावर मॅडम म्हणाल्या, “समीक्षाच्या मुद्द्याची चौकशी आता संपली. पण घरातल्या ज्येष्ठांचा विरोध होता, हे मला अहवालात लिहावं लागेल.”

“हुता असं लिवनार का हाय असं?”

“ते तुम्ही सांगा.”

“आता न्हाई म्हनलं तर तुमी खरं धराल व्हय?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “मागच्या वेळीही तुम्ही सुंदर बोलला होता. म्हणून तुम्हाला आमच्या समुपदेशकांकडं चार वेळा यावं लागेल. पहिली भेट मी उद्याच, रविवारी धरते. त्यानंतर काय ते लिहीन.”

त्याच संध्याकाळी आबांनी प्रदीपला सांगितलं. प्रदीपनं सगळं ऐकून घेतलं. त्यानं चपला घातल्या, “चला” म्हणाला आणि हनुमंताच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आबा मागून आले. अंगणात हनुमंताची सून होती, नातवंडं होती. सगळ्यांदेखत सांगावं लागलं. हनुमंतानं हातातली दोरी खाली ठेवली. त्याला राग यायला हवा होता, पण त्याचा चेहरा आधी नुसताच गोंधळल्यासारखा झाला.

“म्या कशाला लिवीन, प्रदीप?” तो म्हणाला. “मला अर्ज लिवायचा असता तर म्या दादाकडंच आलो असतो की.”

ह्या एका वाक्यानं आबांना जेवढं खाली बसवलं तेवढं शाळेच्या बाकानंही बसवलं नव्हतं. हनुमंतानं मग पोरीचा फोटो बघायला मागितला. ‘कुनाची’ असं विचारलं नाही. एकाच पायात मोजा कसा, एवढंच विचारलं.

मानसी मार्चच्या सुरुवातीला घरी आली. त्याआधी आबा पुण्याला चार वेळा जाऊन आले. पहिल्या वेळी त्यांनी समुपदेशक बाईंना स्वतःच्या सेवेचा इतिहास सांगितला, दुसऱ्या वेळी बाईंनी तो थांबवला. उरलेल्या दोन वेळांविषयी ते घरी काही बोलले नाहीत. अहवालात ‘होता’ लिहिलं गेलं. कोणी त्यांचे आभार मानले नाहीत, आणि मानण्याचं कारणही नव्हतं. प्रदीप बापाशी कामापुरतं बोलायचा. समीक्षा त्यांना पूर्वीसारखंच वेळेवर वाढायची, आबा म्हणायची, गोळ्या आणून द्यायची. फक्त आपल्याविषयी कधी काही सांगायची नाही. डोकं दुखतंय, एवढंसुद्धा नाही. आबांना ते कळत होतं. जे सांगितलेलं एकदा मुद्दा होऊन आलं, ते ती पुन्हा कशाला सांगेल?

मानसीला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पहिले पंधरा दिवस उशीखाली पोळी लपवून ठेवायची. मग एक दिवस ती तिथं ठेवायला विसरली.

सप्टेंबरात सहा महिन्यांची भेट झाली. ज्योत्स्ना मॅडमनी मानसीचं वजन विचारलं, झोप विचारली, तिच्याशी खेळल्या, रकाने भरले. आबा त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले आणि तिथं त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, की मॅडम, फाईलमधनं त्यो कागद काढता येईल का? आपण कचेरीत होतो, गहाळ झालेले कागद आपण पाहिलेत.

“नाही काढता येत,” मॅडम म्हणाल्या. “मोठी झाल्यावर तिला आपली माहिती हवीशी वाटली, अठरा वर्षांची झाल्यावर, तर ती मागेल. तेव्हा फाईल उघडेल.”

आबांनी मनात बेरीज केली. अजून साडेचौदा वर्षं. तेव्हा आपण शहाऐंशीचे. म्हणजे बहुतेक नसूच, असं त्यांच्या मनात आलं आणि क्षणभर हायसं वाटलं. हायसं वाटलं हे कळल्याबरोबर त्यांचे कान तापले. एवढं सगळं होऊनही आत तोच माणूस बसलेला होता, तळेगावच्या पेटीत कागद टाकून डॉक्टरकडं गर्दी होती म्हणणारा.

“मंग कागदावरनं कळायच्या आदी म्याच सांगीन तिला,” ते म्हणाले.

“कधी?”

मागून समीक्षाचा आवाज आला. ती केव्हा ओट्यावर येऊन उभी राहिली ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

“घाई करू नका, आबा. आधी तिला तुमची सवय होऊ दे,” ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, “सांगाल तेव्हा मी असेन तिथं.”

हे क्षमा केल्यासारखं होतं की बजावल्यासारखं, हे आबांना कळलं नाही, आणि विचारण्याची त्यांची पायरी नव्हती. मॅडम निघाल्या, इतक्यात मानसी दोन्ही बूट हातात घेऊन बाहेर आली. तिला हनुमंताच्या घरची वासरं बघायला जायचं होतं आणि ते आबांनीच न्यायचं होतं, कारण बाकी सगळे मोठे कामात होते. तिनं बूट त्यांच्या पुढ्यात टाकले आणि पाय पुढं केला.

आबा फाटकाच्या पायरीवर बसले आणि वाकून बुटाचा पट्टा लावायला लागले. एका पायावर उभी असल्यानं तोल जाऊ नये म्हणून तिनं दोन्ही हातांचा सगळा भार त्यांच्या टोपीवर दिला होता. त्यामुळं आबांना मान वर करता येत नव्हती. समीक्षा समोरच उभी होती, तेव्हा ते एका परीनं बरंच होतं. पट्टा लागून झाल्यावरही ते थोडा वेळ तसेच राहिले. मग मानसी म्हणाली, “दुसरा,” आणि त्यांनी दुसरा बूट उचलला.